लांडगा आला रे आला... पण कोणता?

आज आपण एक पेपर एकत्र वाचू. सौगत साधुखान, हॉली रूट-गटरिज आणि बिलाल हबीब या तिघांचा हा पेपर 2021 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. प्रश्न असा: भारतीय लांडगा नुसत्या आरोळीवरून ओळखता येईल का? म्हणजे 'हा लांडगा आहे' एवढंच नव्हे, तर 'कालचाच हा' किंवा 'हा दुसरा' असं सांगता येईल का?

पेपर चांगला आहे, हे आधीच सांगते. पण चांगला पेपर कसा वाचायचा, कुठे थांबायचं आणि कुठे शंका घ्यायची, हे शिकायला तो फार उपयोगाचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक दडलेली आहे, तीही सांगणार आहे.

आधी घरची गोष्ट. माझं घर जाफराबादचं, जालना जिल्ह्यातलं. पूर्णेच्या काठचा मुलूख. मक्याची कणसं भरायला लागली की रात्री शेताच्या कडेने कोल्हेकुई सुरू व्हायची. लहानपणी मी अंगणात बसून बोटांवर मोजायचे, किती कोल्हे आहेत ते. एकदा सात मोजले. आजी म्हणाली, "बाई, एक वरडला की समदे वरडतेत. दोघं असले तरी धा वाटतेत. मोजू नको, झोप."

आजीने जे एका वाक्यात सांगितलं, त्याचा शास्त्रात रीतसर अभ्यास झालेला आहे. फ्रेड हॅरिंग्टन यांचा 1989 चा पेपर लांडग्यांच्या समूह-आरोळीवर आहे. त्यात त्यांनी या परिणामाला 'बो जेस्ट' हे नाव वापरलं. दोन-तीन लांडगे सूर भराभर बदलत ओरडले, की ऐकणाऱ्याला कळप मोठा भासू शकतो. म्हणजे कानाने डोकी मोजणं हा पहिल्यापासूनच धोक्याचा व्यवहार.

आता 'हाक मारणे' या विद्येकडे येऊ. ती मुळात शिकाऱ्याची आहे. अमेरिकेत कायोटी नावाचा, आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या मधला म्हणावा असा प्राणी आहे. त्याला बोलावून मारणं हा तिथे कायदेशीर छंद आहे. टेक्सासमधल्या बर्नहॅम बंधूंनी विसाव्या शतकाच्या मध्यात त्यासाठीच्या शिट्ट्या विकून नाव कमावलं. नवशिक्याला तिथे तीन गोष्टी शिकवतात. जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल कर. वाऱ्याची दिशा सांभाळ, कारण कायोटी फेरा मारून वास घ्यायला वाऱ्याखाली येतो. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा हाक मारू नकोस, प्राणी शहाणे होतात. आपल्याकडेही पारधी मंडळी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तित्तर बोलावायची. बारकाईने घडवलेली विद्या होती ती. आज आपल्याकडे हे सगळं बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, तर पकडणं, हुसकावणं, आमिष दाखवणंही येतं. लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून 'सर, मी मोबाईलवर लांडग्याचा आवाज लावून बघू का?' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: परवानगीचा कागद हातात असल्याशिवाय नाही. ऐकायला मात्र कुणाची मनाई नाही. तुमचं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

हीच विद्या शास्त्रज्ञांनी मोजणीसाठी उचलली. कॅनडातल्या अल्गोंक्विन उद्यानात डग्लस पिमलॉट यांच्या गटाने 1960 च्या सुमारास लांडग्यांना आरोळी देऊन त्यांचा ठावठिकाणा शोधला. 1963 पासून तिथे सामान्य लोकांनाही रात्री आरोळ्या ऐकायला नेऊ लागले. पुढे हॅरिंग्टन आणि डेव्हिड मेक यांनी मिनेसोटात तपासलं, की कोण उत्तर देतो आणि कोण गप्प राहतो. 1979 च्या त्यांच्या पेपरात दिसतं, की एकटे लांडगे सहसा गप्प बसतात. साहजिक आहे. दुसऱ्याच्या हद्दीत असलेल्याने तोंड उघडलं की मार खायची वेळ. बांगलादेशातल्या सोनेरी कोल्ह्यांवरचा 1996 चा अभ्यासही हेच सुचवतो, की ओरडण्याचं वागणं ऋतूप्रमाणे बदलतं.

इथे पहिला धडा. शिकाऱ्याला एक कायोटी पुरतो. दहांपैकी नऊ गप्प राहिले तरी त्याचं काही बिघडत नाही, आलेला एक त्याचा. संशोधकाला मात्र न आलेल्या नऊंचाही हिशोब द्यायचा असतो. त्यामुळे शिकाऱ्याची रीत जशीच्या तशी उचलली, तर आपण 'किती लांडगे आहेत' ऐवजी 'किती लांडगे बोलके आहेत' एवढंच मोजतो. उत्तर न येणं म्हणजे लांडगा नसणं नव्हे. ही ओळ वहीत लिहून ठेवा.

आता पेपर. लेखकांचं म्हणणं असं, की भारतीय लांडग्याच्या संख्येचा भरवशाचा अंदाज नाही. आरोळी 6 किलोमीटरहून लांब ऐकू जाते, म्हणून आवाजावरून सर्वेक्षण सोयीचं. पण एकच लांडगा दोनदा मोजला जाऊ नये, यासाठी व्यक्ती ओळखता यायला हवी. त्यांनी 5 लांडग्यांच्या 49 आरोळ्या घेतल्या आणि 'ॲग्नेस' नावाच्या गट पाडणाऱ्या पद्धतीवर मॉडेल बसवलं. पद्धत सोपी आहे. सुरुवातीला प्रत्येक आरोळी एकटी. मग सगळ्यांत सारख्या दोन जोडायच्या, मग पुन्हा सगळ्यांत जवळचे दोन गट, असं करत झाड तयार करायचं. अचूकता आली 98 टक्के. मग नवीन 4 लांडग्यांच्या 20 आरोळ्यांवर तपासलं. अचूकता 75 टक्के.

वर्तमानपत्रातला मथळा 98 चा होतो. तुम्ही 75 कडे बघा.

सेट-नेटची तयारी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी सोडवून सोडवून पाठ झालेल्या प्रश्नसंचात 98 पडले, यात नवल नाही. हॉलमध्ये नवा पेपर हातात आल्यावर किती पडले, ती खरी तयारी. लेखकांचं कौतुक यासाठी, की त्यांनी हॉलमधले मार्क लपवले नाहीत, सारांशातच छापले. शिवाय परीक्षा अनोळखी लांडग्यांवर घेतली, त्याच पाचांच्या उरलेल्या आवाजांवर नव्हे. ढोबळमानाने, चार लांडग्यांत डोळे मिटून वाटणी केली असती तर 25 टक्क्यांच्या आसपास जमलं असतं. त्या मानाने 75 म्हणजे आवाजात ओळख नक्कीच आहे. हा निष्कर्ष मला मान्य आहे.

माझी शंका पुढच्या पायरीवर आहे. '75 टक्के' म्हणजे 20 पैकी 15. एवढ्या लहान नमुन्यावर 95 टक्के विश्वास-अंतराल काढला (विल्सनच्या सूत्राने, घरी करून बघा), तर तो साधारण 53 ते 89 टक्के येतो. आणि हेही त्या 20 आरोळ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून. त्या तशा नाहीत. चारच लांडगे आहेत. समजा, पाचही चुका एकाच लांडग्याच्या आरोळ्यांवर झाल्या, तर खरं वाक्य 'तीन लांडगे ओळखता आले, एक नाही' असं होईल. म्हणजे नमुना 20 चा वाटतो, पण एका अर्थाने तो 4 चा आहे.

आता ही चूक मोजणीत शिरली तर काय होतं? लेखकांना ही ओळख 'पकडा-खूण करा-पुन्हा पकडा' या पद्धतीत वापरायची आहे. तिचं सगळ्यांत साधं रूप घेऊ. पहिल्या रात्री 6 लांडगे ओळखले. दुसऱ्या रात्री पुन्हा 6, त्यातले 3 कालचेच. अंदाज: 6 गुणिले 6 भागिले 3, म्हणजे 12. आता त्या तिघांपैकी एकाला मॉडेलने चुकून 'नवा' म्हटलं. कालचे उरले 2. अंदाज झाला 18. उलट, एका नव्याला चुकून 'जुना' म्हटलं, तर कालचे 4 आणि अंदाज 9. एका आरोळीची चूक, आणि आकडा 9 ते 18 पर्यंत हलतो.

माझ्या मते पेपरमध्ये या चुकीच्या दोन जातींवर जास्त जोर हवा होता. अचूकता हा एकच आकडा दोन्ही चुका एका पोत्यात भरतो. मोजणीवर मात्र त्यांचा परिणाम उलट दिशांना होतो, आणि सारखाही नाही: एकीकडे 6 ने वाढ, दुसरीकडे 3 ने घट. 'पद्धतीमुळे मोजणीतला पूर्वग्रह कमी होऊ शकतो' हे लेखकांचं वाक्य मी खोडणार नाही. पण 'कमी होऊ शकतो' आणि 'कमी होतो' यांत जे अंतर आहे, ते भरायला अजून कितीतरी लांडगे, वेगवेगळे ऋतू आणि वेगवेगळी अंतरं लागतील. दूरच्या आवाजातले वरचे सूर हवेतच गळतात. 200 मीटरवरची आरोळी आणि 3 किलोमीटरवरची तीच आरोळी मायक्रोफोनला सारखी नसते.

हे कुणासाठी महत्त्वाचं? मेंढ्या घेऊन माळावर उतरलेल्या धनगरासाठी. लांडगे 9 म्हटले की संरक्षण वाढवा, 18 म्हटले की भरपूर आहेत, माळ प्रकल्पाला द्या. आकडा कागदावरून निघाला की तो कसा निघाला होता, हे कुणी विचारत नाही.

आता माझी चूक. मी बेडकांच्या आवाजावर काम करते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं मॉडेल 96 टक्के अचूक आलं आणि मी लॅब मीटिंगमध्ये मोठ्या तोऱ्यात तक्ता लावला. गाईडनी एकच विचारलं, "क्लिप किती ते कळलं. बेडूक किती?" मी गप्प. तीनशेच्या वर क्लिप होत्या, बेडूक अकरा. क्लिप मी सरमिसळ करून वाटल्या होत्या, त्यामुळे तोच बेडूक ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही. मॉडेल बेडूक शिकलंच नव्हतं, त्या डबक्यापाशी मागे चालणारा पंप शिकलं होतं. बेडूकवार वाटणी करून पुन्हा चालवलं तेव्हा आकडा 61 वर आला. आठ महिन्यांचं लिखाण बाजूला ठेवावं लागलं. या पेपरच्या लेखकांनी जे केलं, म्हणजे अनोळखी प्राण्यांवर परीक्षा, ते मी केलं नव्हतं. म्हणून त्यांच्या 75 ला मी माझ्या 96 पेक्षा जास्त मान देते.

तर कुठलाही असा पेपर हातात आला, की आधी तीन गोष्टी शोधा: नोंदी किती नव्हे, प्राणी किती, परीक्षा ओळखीच्यांवर की अनोळखींवर, आणि जे गप्प राहिले त्यांचं काय केलं. या तिन्हींची उत्तरं 'पद्धती' या भागात असतात, सारांशात क्वचितच. मूळ पेपर सगळ्यांना मोफत वाचता येतो. तो उघडा, तक्ते बघा आणि माझं कुठे चुकलं असेल तर तेही शोधा.

या दिवाळीत घरी गेले तेव्हा पुन्हा अंगणात बसले. आवाज लावला नाही, फक्त रेकॉर्डर ठेवला. साडेनऊला कोल्हेकुई झाली, चाळीस-पन्नास सेकंदांची. वहीत लिहिलं: 'वेळ 9:32, दिशा नदीकडची, वारा पश्चिमेचा, संख्या: किमान 2.' आजीने विचारलं, किती होते? म्हटलं, दोन तरी. ती हसली आणि म्हणाली, "आता शिकलीस."