दोन शहरे आणि एक खोली

शिकागो हे नाव आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद तेथल्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, आणि दर वर्षी वक्तृत्वस्पर्धेत तीन-चार मुले तरी तो प्रसंग हातवारे करून सांगतात. न्यूयॉर्कही ठाऊक आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली तेथल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे एप्रिल महिन्यात फळ्यावर लिहिले जाते. मी चित्रकलेचा शिक्षक. फळ्याच्या कडेची वेलबुट्टी काढणे एवढेच माझे काम. त्यामुळे ही दोन शहरे माझ्या मनात कित्येक वर्षे दोन तसबिरींसारखी शेजारी शेजारी टांगलेली होती. त्यांचे आपापसांत काही वैर आहे, याची मला गंधवार्ता नव्हती.

ती लागली कादंबऱ्या वाचताना. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत मी चार पुस्तके वाचली: रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’, राल्फ एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’, ग्वेंडोलिन ब्रुक्सची ‘मॉड मार्था’ आणि लोरेन हॅन्सबेरीचे नाटक ‘अ रेझिन इन द सन’. पंडितांनी या पुस्तकांवर पुष्कळ लिहिले आहे. मी लिहितो आहे तो, दोन-तीन कादंबऱ्या हातून झालेला आणि त्यांतली एक आता छळू लागलेला माणूस म्हणून.

प्रथम भांडणाविषयी. कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे झाली म्हणून अमेरिकेने जागतिक प्रदर्शन भरवायचे ठरवले, तेव्हा ते आपल्याच गावी व्हावे म्हणून ही दोन्ही शहरे इरेला पेटली. १८९० साली तेथल्या काँग्रेसने कौल शिकागोला दिला. त्याच वर्षीच्या शिरगणतीत शिकागो ११ लाखांच्या घरात जाऊन देशातले दुसरे शहर ठरले. न्यूयॉर्कने १८९८ साली ब्रुकलिनसकट आजूबाजूचा मुलूख पोटात घातला, त्यामागे इतर कारणांबरोबर शिकागो पुढे जाईल ही धास्तीही होती. पुढे १९५२ साली लीब्लिंग या न्यूयॉर्कच्या लेखकाने शिकागोला ‘दुसरे शहर’ म्हणून हिणवणारे पुस्तक लिहिले. १९५९ साली शिकागोतल्या विनोदी नटांनी तेच नाव आपल्या मंडळीला देऊन टाकले! हा खिलाडूपणा मला आवडला.

आज भांडणाचा विषय बदलला आहे. राहायला कोणते शहर बरे, हा आता मुद्दा आहे. शिकागोचा माणूस म्हणतो, आमच्याकडे घरभाडे परवडते आणि सरोवराचा काठ सर्वांना मोकळा आहे. न्यूयॉर्कचा म्हणतो, आमच्याकडे सारे जग नांदते. तीन माणसांतला एक तरी परदेशात जन्मलेला. शिकागोचा उत्तर देतो, आमच्याकडेही गोरे, काळे आणि लॅटिन अमेरिकन वंशाचे लोक जवळजवळ तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शाने राहतात. यावर न्यूयॉर्ककर शेवटचा टोला मारतो: राहतात खरे, पण काळे एका अंगाला आणि गोरे दुसऱ्या अंगाला!

टोला वर्मी बसतो. पण मारणाऱ्याचा हातही स्वच्छ नाही. एका वंशाच्या शेकडा किती माणसांनी घर बदलले असता दोन वंश सगळ्या वस्त्यांत सारखे पसरतील, असे एक माप आहे. शिकागो विद्यापीठातल्या डंकन दांपत्याने १९५५ साली ते रूढ केले. २०२० च्या जनगणनेला हे माप लावले तर काळ्या-गोऱ्यांच्या वेगळेपणात ही दोन्ही महानगरे देशात अगदी वरच्या रांगेत बसतात. म्हणजे हे भांडण नापास झालेल्या दोन मुलांचे आहे. तुझ्यापेक्षा मला दोन मार्क जास्त, एवढाच वाद. सगळ्या शहराची बेरीज केली की विविधता दिसते. गल्ली गल्ली मोजली की वेगळेपणा दिसतो. स्पर्धा करणाऱ्याला बेरीज सोयीची असते. कादंबरीकाराला गल्लीत शिरावे लागते, आणि गल्लीतून खोलीत.

‘नेटिव्ह सन’ (१९४०) खोलीतच सुरू होते. शिकागोच्या दक्षिण भागातली एक खोली, तीत बिगर थॉमस, त्याची आई, भाऊ आणि बहीण. गजराचे घड्याळ वाजते, आणि उजाडताच पहिले काम उंदीर मारण्याचे. त्या एका खोलीचे भाडे आठवड्याला आठ डॉलर. काळ्या माणसाला ठरावीक पट्ट्याबाहेर घर मिळत नाही, म्हणून पट्ट्याच्या आत मालक मागेल ते भाडे.

हा पट्टा कसा झाला? दक्षिणेतला जुलूम आणि दारिद्र्य मागे टाकून १९१६ नंतरच्या पन्नासेक वर्षांत सुमारे ६० लाख काळी माणसे उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. त्यांतली कितीतरी शिकागोत उतरली. गोऱ्या वस्त्यांनी घरांच्या खरेदीखतांतच करार घातले, की हे घर काळ्याला विकायचे नाही. १९४८ पर्यंत न्यायालये असे करार बजावून देत असत. १९३० नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, तांबडा. तांबडा म्हणजे पैसा बुडण्याचा धोका, आणि काळ्यांची वस्ती बहुधा तांबड्यातच. शिकागोचा तो पट्टा तांबडा, न्यूयॉर्कचे हार्लेमही तांबडे. मी रोज मुलांच्या हाती रंगाची पेटी देतो. तिचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

आपल्याकडे म्हणतात, पाण्यावर रेघ ओढता येत नाही. शिकागोने तीही ओढली होती. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा काळा मुलगा सरोवरात पोहताना गोऱ्यांच्या बाजूला वाहत गेला. काठावरून दगड आले, आणि तो बुडून मेला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे गेली. राइटच्या कादंबरीमागे ही रेघ आहे. बिगर हातून घडलेल्या खुनानंतर पळत असतो, तेव्हा वर्तमानपत्रात त्याच भागाचा नकाशा छापून येतो. पोलिसांनी झडती घेतलेला भाग छायेने भरलेला, उरलेला पांढरा. रोज छाया आत सरकते. एका पानाच्या नकाशात शहराचे सारे राजकारण आणणे सोपे नव्हे.

परंतु या कादंबरीतले खरे भयंकर पात्र बिगर नव्हे, मिस्टर डाल्टन आहेत. ते दानशूर आहेत. काळ्यांच्या शिक्षणाला त्यांनी पैसा दिला, मुलांच्या क्लबाला टेबलटेनिसची टेबले पाठवली, बिगरला नोकरीही दिली. आणि त्या उंदरांच्या खोलीचे भाडे फिरून फिरून त्यांच्याच कंपनीकडे जाते. काळ्यांना दुसऱ्या वस्तीत घर का देत नाही, असे वकील विचारतो. तेव्हा, ही जुनी रीतच आहे, आपण काही ती पाडली नाही, अशा अर्थाचे उत्तर ते देतात. मला हे उत्तर ओळखीचे वाटले. कोठे ऐकले, ते शेवटी सांगेन.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. तिसऱ्या भागात वकिलाचे भाषण पानेच्या पाने चालते, आणि जे खोलीने आधीच सांगितले ते तो पुन्हा समजावून देतो. हार्लेममध्ये जन्मलेल्या जेम्स बाल्डविनने १९४९ साली तक्रार केली, की या निषेधात माणूस हरवतो. तक्रार निराधार नाही. दोन शहरांत भांडणच व्हायचे तर ते असे व्हावे: तुझ्या गावची कादंबरी माणसाला पुरेसे माणूस मानते का?

एलिसनची ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) हे न्यूयॉर्कचे उत्तर मानता येईल. तिचा नायक दक्षिणेतून हार्लेमला येतो आणि चौकात काळा पोलीस गोऱ्यांची वाहने अडवतो आहे हे पाहून थक्क होतो. येथे पाण्यावर रेघ नाही. सगळे मोकळे आहे. फक्त त्याला कोणी पाहत नाही. रंगाच्या कारखान्यातला प्रसंग तर चित्रकलेच्या शिक्षकाने विसरू नये असा: अतिशय शुभ्र रंग करायचा, तर प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब घालून ढवळायचे. थेंब दिसेनासे झाले की रंग पांढराशुभ्र!

आणि अखेर हा माणूस राहतो कोठे? फक्त गोऱ्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या इमारतीच्या विसरलेल्या तळघरात, चोरलेल्या विजेचे १३६९ दिवे लावून. हे केवळ लेखकाच्या कल्पनेचे खेळ नव्हेत. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हेसंट टाउन ही एका विमा कंपनीची प्रचंड वसाहत राहती झाली, तीत काळ्यांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी त्याच कंपनीने हार्लेममध्ये वेगळी वसाहत बांधली. अशा वसाहतींतला भेदभाव शहराने १९५१ साली कायद्याने बंद केला.

शिकागोत भिंत दिसते, न्यूयॉर्कमध्ये ती दिसत नाही, एवढाच फरक. कादंबरीची तंत्रेही त्यामुळे वेगळी झाली. राइट एकेक वीट दाखवतो. एलिसनला उपहास आणि स्वप्न यांचा आश्रय घ्यावा लागतो, कारण न दिसणे दाखवायचे कसे? माझ्या मते एलिसनचे काम अधिक अवघड होते.

गंमत अशी, की शिकागोची ही कादंबरी राइटने न्यूयॉर्कला जाऊन लिहिली. हॅन्सबेरीचे नाटकही शिकागोच्या एका कुटुंबाचे. ते १९५९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गाजले, आणि त्याचे नाव लँग्स्टन ह्यूजच्या ज्या कवितेतून आले तिचे शीर्षक ‘हार्लेम’! भांडणारी शहरे एकमेकांची दुःखे अशी उसनी घेतात. वडिलांच्या विम्याच्या दहा हजार डॉलरांतून गोऱ्या वस्तीत घर घ्यायचे, एवढेच त्या नाटकात आहे. नव्या शेजाऱ्यांचा प्रतिनिधी अत्यंत सभ्यपणे येतो आणि न येण्याबद्दल पैसे देऊ करतो. हॅन्सबेरीच्या वडिलांनी १९३७ साली असेच घर घेतले होते, आणि खटला १९४० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला होता.

ब्रुक्स मात्र शिकागो सोडून गेली नाही. तिची ‘मॉड मार्था’ (१९५३) लहानशी आहे. वकील नाही, खून नाही. एका प्रकरणात घरात उंदीर सापडतो आणि मॉड मार्था त्याला सोडून देते. तेरा वर्षांपूर्वीच्या कादंबरीत ज्या शहरात उंदीर मारला गेला, त्याच शहरात हा सुटला! घर कसे आहे याबरोबर त्यात माणूस कसा राहतो, हेही ब्रुक्सने मोजले. मात्र, ‘बघा, लोक तरीही आनंदाने जगतात,’ असा डाल्टनछाप अर्थ यातून काढू नये. माणसाचा चांगुलपणा ही घरमालकाची कमाई नव्हे.

१९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग शिकागोतल्या एका मोडकळलेल्या घरात राहायला गेले. ५ ऑगस्टला मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला, आणि इतका द्वेष आपण दक्षिणेतही पाहिला नव्हता, असे ते म्हणाले. घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा देशव्यापी कायदा १९६८ साली त्यांच्या हत्येनंतर झाला. पण १९८० मध्ये शिकागोत सुमारे १२ लाख काळे नागरिक होते, ते २०२० मध्ये ८ लाखांच्याही आत आले. ‘राहायला बरे’ या प्रश्नाला काहींनी पायांनी उत्तर दिले आहे.

आता त्या दोन तसबिरींकडे वळतो. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने विवेकानंद बोलले ती परिषद भरली, त्याच प्रदर्शनात आयडा वेल्स आणि वृद्ध फ्रेडरिक डग्लस, ‘येथे काळ्या अमेरिकनांना स्थान का नाही’ हे विचारणारी पुस्तिका वाटत होते. आमच्या वक्तृत्वस्पर्धेत हे कोणी सांगत नाही. बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागूनच. हार्लेम काळ्यांची वस्ती होत होते ते हेच दिवस. तेथेच १९१६ साली त्यांनी जातीवरचा निबंध वाचला आणि जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग, असे सांगितले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिले. दार बंद करण्याची विद्या कोणा एका देशाची नाही, हे त्यांना कळले होते. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधला नायक जात उघडी पडताच मार खातो. तो बिगरचा आणि एलिसनच्या त्या निनावी नायकाचा सख्खा भाऊ आहे.

मिस्टर डाल्टनचे उत्तर मी कोठे ऐकले, ते सांगायचे राहिले. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला शहरात नोकरी लागली. त्याच्यासाठी खोली पाहायला मी बरोबर गेलो होतो. घरमालक सभ्य होते, चहा दिला. मग त्याचे आडनाव विचारले. ऐकल्यावर म्हणाले, “खोली कालच दिली हो.” दारावरची ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती. मी तिच्याकडे पाहिले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, माझं काही नाही, पण सोसायटीत अशी पद्धतच आहे.” मी मान डोलावली. जिना उतरताना तो मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही तुमचं आडनाव सांगितलं असतंत तर मिळाली असती.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

माझी पहिली कादंबरी एका तालुक्याच्या गावाची आहे. तीत नदीचा घाट आहे, आठवड्याचा बाजार आहे, देवळासमोरचा पार आहे. गावाचे चित्र हुबेहूब उतरले आहे, असे परीक्षणात आले होते. नाल्यापलीकडची वस्ती तीत नाही. ती मी मुद्दाम गाळली नाही. मला ती दिसलीच नाही. राइटने दाखवलेली रेघ मी कधी ओढली नाही, असे मी शपथेवर सांगेन. एलिसनने दाखवलेला आंधळेपणा मात्र माझा आहे, आणि तो मी छापून विकला आहे.

त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशक म्हणतात, काही चुका राहिल्या असतील तर दुरुस्त करून द्या. मी प्रत घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घाच्या वीस-पंचवीस चुका सापडल्या. नाल्यापलीकडची वस्ती काही शुद्धिपत्रात बसत नाही.