बोस, नंदलाल

(३ डिसेंबर १८८२–१६ एप्रिल १९६६). विख्यात भारतीय चित्रकार व कलाशिक्षक. जन्म बिहारमधील हवेली खरगपूर (जि. मुंगेर) येथे. कलकत्त्याच्या शासकीय कलाविद्यालयात अवनींद्रनाथ टागोरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करताना प्रवाही रेषेचे व भित्तीच्या विस्ताराचे भान त्यांना आले. १९२२ ते १९५१ या काळात ते शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख होते.

चित्र काढणे आणि ते इतरांच्या हाती देणे या दोन गोष्टी त्यांनी कधीच वेगळ्या मानल्या नाहीत. शिष्यांना व स्नेह्यांना ते साध्या पोस्टकार्डांवर रेखाटने करून पाठवीत. रवींद्रनाथांच्या सहज पाठ (१९३०) या बालपुस्तकासाठी त्यांनी चित्रे केली. दांडीयात्रेतील गांधीजींचे त्यांचे ठसाचित्रही त्याच वर्षीचे. एकाच ठशातून अनेक प्रती निघणारे हे माध्यम त्यांच्या वृत्तीस साजेसेच होते.

खानदेशातील फैजपूर येथील काँग्रेस अधिवेशनासाठी (१९३६) त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून अधिवेशननगराची सजावट केली. हरिपुरा अधिवेशनासाठी (१९३८) त्यांनी ऐंशीहून अधिक चित्रफलक रंगविले व शिष्यांनी त्यांच्या अनेक प्रती केल्या. ढोलकी, सुतार, चांभार, मल्ल इत्यादींची ही चित्रे येणाऱ्याजाणाऱ्यांना सहज दिसावीत, अशी योजना होती.

थोड्या अवधीत केलेली व प्रतींच्या रूपाने वाढविलेली ही चित्रे केवळ सजावटीची होत, असा आक्षेप घेता येईल. तथापि तो टिकणारा नाही. मोजके मातकट रंग, जाड व वेगवान बाह्यरेषा आणि कमानीच्या चौकटीत ताणून बसविलेली आकृती यांत दीर्घ साधना दिसते. घाईमुळे अनावश्यक तपशील गळाले आणि रेषेला मोकळेपणा लाभला. त्यांच्या आरंभीच्या पौराणिक चित्रांतील धूसर हळवेपणा येथे उरलेला नाही. लोकांसाठी काढल्यामुळे त्यांची कला उणावली नाही. उलट ती अधिक समर्थ झाली.

मात्र या फलकांतील श्रमिक नेहमी सुदृढ व प्रसन्न दिसतात. त्यांचे दैन्य चित्रांत येत नाही. ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. बंगालच्या दुष्काळात रंगविलेल्या अन्नपूर्णा (१९४३) या चित्रात मात्र अस्थिपंजर शिव देवीपुढे उभा आहे. पुराणकथेच्या आधारे समकालीन भुकेचे दर्शन त्यांनी तेथे घडविले.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे आणि शिष्यांच्या साहाय्याने केलेली भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट ही त्यांची अन्य उल्लेखनीय कामे. विनोदबिहारी मुखर्जी व रामकिंकर बैज हे त्यांचे शिष्य. दोघांच्या शैली गुरूहून सर्वस्वी भिन्न आहेत आणि यातच त्यांच्या अध्यापनाचे यश आहे. १९५४ मध्ये त्यांना ‘पद्मविभूषण’ हा सन्मान लाभला.