पडद्यावरची भरती आणि खाडीतली भरती

शाळेसाठी संगणक घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा 'मेमरी किती?' असा. हलत्या चित्रांच्या साहाय्याने विज्ञान शिकवायचे असेल, तर या दोन्हींच्या आधी तिसराच प्रश्न विचारायला हवा. पडद्यावर जे हलते आहे ते आधी करून ठेवलेले चित्र आहे, की संगणक त्या क्षणी गणित करून ते काढतो आहे?

हा प्रश्न आम्हाला महाडच्या खाडीपट्ट्यातील तुडील गावी शिकायला मिळाला. भरती-ओहोटीचा पाठ होता. आम्ही नेलेल्या संचातील चित्र देखणे होते. चंद्र फिरत होता, पाणी चढत-उतरत होते. आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, ही भरती रोज बारालाच कशी येते? आमच्याकडे तर रोज उशिरा येते." चित्रात बदल करून पाहावे म्हटले तर बटणे दोनच : चालू आणि बंद. संगणक महागातला होता, पण चूक त्याची नव्हती, आमच्या निवडीची होती.

त्या मुलीला जे ठाऊक होते ते कोकणातल्या जुन्या हिशेबात आहे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा ठोकताळाही तपासून पाहावा. पंधरा तिथींचे पाऊणपट सव्वाअकरा होतात, पण पौर्णिमेला भरती पुन्हा बाराच्या सुमारास यायला हवी. म्हणजे दर तिथीला सरासरी ४५ नव्हे, ४८ मिनिटांचा फरक धरायला हवा. हा हिशेब किनाऱ्यावरचा. खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते. ज्या संचात असा बदल करता येत नाही, तो कितीही रंगीत असला तरी तो चित्रपट आहे, प्रयोग नव्हे.

आता यंत्राकडे वळू. हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला निदान ३० चित्रे हवीत. म्हणजे एका चित्राचे गणित आणि रेखाटन यांसाठी संगणकाला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर जवळपास २१ लाख बिंदू असतात. प्रत्येकाला ३ बाइट धरले तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. १९८४ च्या सुमारास 'क्लास' योजनेतून आपल्याकडील शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाची सगळी मेमरी ३२ किलोबाइट होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या साध्या संगणकाचीही ताकद कळते.

परंतु काम वेळेत पुरे झाले नाही तर काय होते? इथे खरा भेद आहे. चांगला प्रोग्रॅम मधली काही चित्रे गाळतो, पण घड्याळ चुकू देत नाही. वाईट प्रोग्रॅम चित्रे मोजूनच वेळ मोजतो. मग यंत्र मंदावले की पडद्यावरचे गुरुत्वाकर्षणही मंदावते! याची परीक्षा दुकानातच करता येते. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला दगड बांधून हलका झोका द्यावा. दहा आंदोलनांना २० सेकंद लागतात. पडद्यावरच्या तेवढ्याच लांबीच्या लंबकाला मूळ वेगाने चालवून शेजारी मोजावे. दोन्ही जुळत नसतील तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत टिकाऊपणा हा गुण आपण फार कमी तपासतो. फ्लॅश या साधनावर शैक्षणिक चित्रांचा मोठा साठा उभा राहिला होता. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि ज्यांनी आपले काम दुसरीकडे हलवले नव्हते त्यांचे पाठ बंद पडले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील 'फेट' प्रकल्प २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्याच्या अनेक प्रतिकृती जावा आणि फ्लॅशमध्ये होत्या, पण त्यांतील बऱ्याच पुढे ब्राउझरमध्ये थेट चालतील अशा नव्याने लिहिल्या गेल्या. त्या फुकट आहेत, उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतात आणि लंबकाची लांबी, वस्तुमान, गुरुत्व विद्यार्थ्याच्या हाती देतात. उणीव एवढीच की त्यात जे विषय आहेत तेवढेच आहेत; सावित्रीची खाडी तिथे सापडणार नाही.

ती आपणच करावी लागते आणि त्यासाठी जिओजिब्रा पुरते. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे, सूर्यामुळे येणाऱ्या भरतीचे १२ तासांचे. या दोन ज्यावक्रांची बेरीज करून सरकपट्टीने दिवस पुढे न्यावेत. सुमारे पावणेपंधरा दिवसांनी उधाण परत येताना दिसते. मात्र हा वक्र फारच गुळगुळीत असतो, आणि देखणेपणामुळे खरा वाटतो. खाडीत पाणी चढते झपाट्याने, उतरते सावकाश; शिवाय पावसाचे पाणी या बेरजेत नाही. हे शिक्षकाने सांगितलेच पाहिजे.

एवढ्या कामाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. साधा संगणक घ्यावा आणि वाचलेले पैसे उजेडातही स्पष्ट दिसणाऱ्या पडद्यावर आणि वीज गेल्यावर तासभर टिकेल अशा बॅटरीवर खर्च करावेत. पावसाळ्यात खाडीपट्ट्यात या दोन वस्तूंवाचून बाकी सर्व व्यर्थ.

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये महापूर आला तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते. खाडीत भरती असली की पुराच्या पाण्याचा निचरा मंदावतो. हे मुलांना पाठ करून कळणार नाही. सरकपट्टी हलवून, तारीख बदलून, आपल्या खाडीवर मोजलेल्या वेळांशी ताडून कळेल. ज्या साधनात हे करता येते ते घ्यावे. तुडीलच्या त्या मुलीचा प्रश्न ज्याला झेलता येत नाही, ते फुकट मिळाले तरी परत करावे.