दाभोळची मशीद : परंपरा आणि प्रमाण

वाशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर तीरावर उभी असलेली दाभोळची मशीद विजापूरची राजकन्या आयेशाबीबी हिने बांधली, असे परंपरा सांगते. १६५९ च्या सुमारास मक्केस निघालेली ही राजकन्या सागरी चाच्यांच्या भयाने येथेच थांबली आणि यात्रेचे द्रव्य तिने चार वर्षांत या वास्तूवर वेचले, अशी ही कथा आहे. ती जशीच्या तशी ग्राह्य मानणे कठीण आहे. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला आणि कोकणातील विजापूरचा अंमल ढासळू लागला. अशा काळात चार वर्षांचे राजाश्रित बांधकाम निर्वेधपणे चालले असेल, हे संभवनीय वाटत नाही.

नामाची साक्षही विचारात घ्यावयास हवी. या वास्तूस 'माँसाहेबांची मशीद' असेही म्हणतात. 'माँसाहेब' हे विशेषनाम नव्हे. राजकुळातील वडीलधाऱ्या स्त्रीची ती आदरार्थी संज्ञा आहे. तरुण राजकन्येस ती शोभत नाही. महंमद आदिलशहाची विधवा बडी साहेबा १६६१ मध्ये वेंगुर्ल्याहून मक्केस निघाली, ही घटना या संदर्भात लक्षणीय ठरते. तिच्या यात्रेची स्मृती लोककथेने दाभोळशी जोडली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

वास्तूची साक्ष मात्र संदिग्ध नाही. उंच जोते, दर्शनी कमानी, मध्यवर्ती एकच भव्य घुमट आणि चार कोपऱ्यांवरील मिनार ही लक्षणे विजापूरच्या शैलीचीच होत. म्हणून दाभोळच्या अभ्यासाचा आरंभ कथेपासून न करता वास्तूपासून करणे युक्त होईल.