नित्य मननाचे पान : धार व देवास येथील वाचकाच्या दृष्टीने एक परीक्षण

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ज्या लेखनप्रकारास सर्वांत अधिक वाचक लाभतात, त्याचीच समीक्षा सर्वांत कमी होते. तो प्रकार म्हणजे नित्य मनन. वर एक शास्त्रवचन, त्याखाली पंधरावीस ओळींचा विचार, बहुधा एखादी गोष्ट, आणि शेवटी दोन वाक्यांची प्रार्थना, असा त्याचा ठरलेला साचा आहे. ईश्वरविज्ञानाचे ग्रंथ पाळकाच्या कपाटात राहतात. हे पान मात्र घरात जाते, आणि दिवेलागणीच्या कौटुंबिक प्रार्थनेत मोठ्याने वाचले जाते. जेथे पाळक महिन्यातून एकदाच येऊ शकतो, तेथे उरलेल्या दिवसांचा उपदेश हाच असतो. म्हणून त्याची परीक्षा व्यासपीठावरील प्रवचनाहूनही कसून व्हावयास पाहिजे, असे आमचे मत आहे.

ही परीक्षा आम्ही माळव्यातील धार व देवास या दोन ठिकाणांच्या आधारे करीत आहोत. दोन्ही पवार घराण्याची संस्थाने. देवासची तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. मराठी भाषा तेथे या घराण्यांबरोबर आली व टिकली. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदूरास कार्य आरंभिले आणि १८९५ साली धार येथे ठाणे घातले, डॉ. मार्गारेट ओहारा यांची वैद्यकीय सेवा तेथेच झाली. आज या भागातील उपासना प्रामुख्याने हिंदीत होते, बाजारात माळवी चालते, धारच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात भिली व भिलाली बोलल्या जातात, आणि मराठी ही काही घरांची भाषा आहे. अशा घरात पुण्याकडे लिहिलेले मननाचे पान उघडले जाते, तेव्हा ते किती दुरून आले आहे हे चटकन ध्यानात येते. जो दोष मूळ गावी झाकला जातो, तो येथे उघडा पडतो.

प्रथम या प्रकाराचा उगम पाहू. १७२८ साली जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरावियन बांधवांनी दररोज एक वचन घरोघरी पोहोचविण्याची प्रथा सुरू केली; १७३१ पासून ही वचने वर्षभरासाठी छापली जाऊ लागली. आरंभी वचन कागदावरून येत नव्हते, ते माणसाच्या मुखाने येत होते. ते घेऊन येणारा बंधू त्या घरचे क्षेमकुशलही जाणून घेत असे. ऑस्वाल्ड चेंबर्स यांच्या विख्यात मननग्रंथाची कथाही अशीच आहे. चेंबर्स १९१७ साली इजिप्तमध्ये निवर्तले. १९२७ साली निघालेले पुस्तक त्यांच्या पत्नीने आपल्या लघुलेखनाच्या टिपणांवरून सिद्ध केले. ती व्याख्याने लंडनच्या विद्यार्थ्यांपुढे व युद्धभूमीकडे निघालेल्या सैनिकांपुढे झालेली होती. सारांश, उत्तम मननाच्या पाठीमागे कोणी तरी नेमका श्रोता असतो. आपल्या आजच्या पानांतून हरपला आहे तो हा श्रोता.

श्रोता हरपला की पहिला विपर्यास वचनाच्या निवडीत होतो. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन पाहा. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत आणि ते आशा देतात, हा त्याचा आशय. परीक्षा, नोकरी, विवाह, नवे घर अशा प्रत्येक प्रसंगी हे वचन मननाच्या माथ्यावर असते. परंतु ते एका पत्रातील वाक्य आहे, आणि ते पत्र घरदार गमावून बाबेलास नेलेल्या लोकांस लिहिलेले आहे. लगतच्या दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांस परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याआधी, परक्या भूमीत घरे बांधा, बागा लावा व त्या नगराचे हित पाहा, अशी आज्ञा आहे. दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल असे सांगणारा संदेष्टाही त्या काळी होता. त्याचे नाव हनन्या, आणि अठ्ठाविसावा अध्याय त्यास खोटा ठरवितो. आमचा आक्षेप असा की, दहावे वचन गाळून अकरावे छापणारे पान यिर्मयाचे नाव घेऊन हनन्याचा संदेश देते.

हा केवळ पाठचर्चेचा प्रश्न नव्हे. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि धार जिल्ह्यातील नर्मदाकाठची चिखलदा, निसरपूर यांसारखी गावे पाण्याखाली गेली. पुनर्वसनाच्या वसाहतीत राहणाऱ्या मनुष्यापुढे हे वचन कसे वाचावे? लवकरच सर्व ठीक होईल, असे सांगितले तर वर्ष सरल्यावर तो एक तर देवास खोटा म्हणेल, नाही तर आपलाच विश्वास उणा पडला असे समजून खचेल. उलट सबंध पत्र वाचले, तर त्याच्या लक्षात येते की शास्त्रास विस्थापिताचे दुःख ठाऊक आहे, आणि परतीचे आश्वासन न देताही ते त्यास जगण्याचे काम नेमून देते. खरे सांत्वन त्यातच आहे, व ते अधिक टिकाऊही आहे.

दुसरा दोष दृष्टांतांचा. मननातील गोष्टी पुष्कळदा भाषांतरित असतात. त्यांत बर्फात अडकलेला प्रवासी येतो, दीपगृहाचा रखवालदार येतो; विहीर, खळे, सावकार हे मात्र क्वचितच. वास्तविक शास्त्रातील प्रतिमा माळव्यातील मनुष्यास अपरिचित नाहीत. यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात, वाहत्या पाण्याचा झरा सोडून फुटक्या टाक्या खोदणाऱ्या लोकांविषयी देव गाऱ्हाणे करतो. हे देवासइतके कोणास समजेल? तेथील जुने तलाव दुर्लक्षिले गेले, कूपनलिकांवर भिस्त ठेवली गेली, भूजल खोल गेले, आणि १९९० साली त्या नगरास इंदुराहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे २००६ पासून टोंक खुर्द व आसपासच्या भागातील शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा काही भाग देऊन हजारो तळी खोदली, तेव्हा कोठे शेती सावरली.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. यिर्मया जलसिंचनावर बोलत नव्हता. त्याच अध्यायात तो मिसर व अश्शूर यांच्या नद्यांचे पाणी पिण्यास का जाता, असे विचारतो; त्याचा रोख परदेवतांवर व परसत्तेच्या आश्रयावर आहे. तेव्हा देवासची हकीकत सांगून वचन तेथेच संपविले, तर तोही विपर्यासच होईल. स्थानिक अनुभव वचनाची जागा घेण्यासाठी नाही. वचनाची धार जाणवावी एवढ्यापुरताच तो घ्यावा. पाण्याच्या गाडीची वाट पाहिलेल्या मनुष्यास फुटकी टाकी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. देवास सोडणे हे किती अविचाराचे व किती जिवावर बेतणारे आहे, एवढेच मग त्यास सांगायचे उरते.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. दैनंदिन जीवन म्हणून या पानांत जे येते, ते प्रायः मनातले असते: चिंता, राग, निराशा, एकाकीपणा. मजुरी, कर्ज, जमीन ही जणू दैनंदिन जीवनात मोडतच नाहीत. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मात्र भाकरीच्या लगेच पाठोपाठ क्षमेची विनंती येते, आणि मत्तयाच्या पाठात प्रचलित मराठी शास्त्राने तेथे 'ऋण' हाच शब्द राखला आहे. मननकार त्याचा अर्थ 'अपराध' असा सांगून पुढे जातो. अर्थ चूक नाही, परंतु घाई चूक आहे.

देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे १९९२ पासून कार्य करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांनी हा शब्द त्याच्या दोन्ही अर्थांनी वाचला, असे म्हणता येईल. भूमिहीन व आदिवासी कुटुंबांना सावकाराच्या ऋणातून सोडविण्यासाठी, बँकेचे कर्ज व शासकीय योजना त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी त्या झटल्या. त्यामुळे दुखावलेल्यांच्या चिथावणीवरून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदुराकडे निघालेल्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या सख्ख्या भगिनीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली. त्यांच्या आईनेही त्यास क्षमा केली, आणि २००६ साली तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांस 'धन्य' घोषित करण्यात आले. या वृत्तांतात क्षमा ही मनःशांतीचा उपाय म्हणून आलेली नाही. ऋणाच्या अन्यायास ज्यांनी विरोध केला, त्यांच्याच घरच्यांनी रक्ताचे ऋणही सोडले. अन्यायाविषयी मौन राखून क्षमेचा उपदेश करणारे पान आणि हा वृत्तांत यांत जे अंतर आहे, तेच आमच्या टीकेचे माप आहे.

यावर कोणी म्हणेल, थकलेल्या मनुष्यास पाच मिनिटांत धीर हवा असतो. त्यापुढे इतिहास व अर्थविवरण कशाला? हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. आजाऱ्याच्या उशाशी पांडित्य नको, हे खरेच. परंतु साधेपणा आणि अर्धवटपणा एक नव्हेत. यिर्मयाने हे बंदिवानांना लिहिले, आणि त्यांना लवकर परतता येणार नव्हते, हे एक वाक्य कोणत्याही आजाऱ्यास समजते. ते वाक्य लिहिण्यास लेखकास मात्र सबंध अध्याय वाचावा लागतो. श्रम लेखकाने करावेत, म्हणजे वाचकाचे वाचतात.

पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींस आमची सूचना इतकीच. छापील पान टाकून देऊ नका; त्यास पुरे करा. वचनाच्या मागचेपुढचे दहा ओळी वाचून दाखवा. ते प्रथम कोणास सांगितले गेले, हे एका वाक्यात सांगा. परकी गोष्ट गाळावीशी वाटली तर गाळा, आणि त्या जागी त्या घरातील मनुष्यास बोलू द्या, मग ते माळवीत असो वा भिलालीत. कुमार गंधर्व १९४८ साली देवासास आले ते क्षयाने आजारी होऊन. काही वर्षे त्यांस गाता येत नव्हते. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि त्या ऐकण्यातून त्यांचे पुढील गायन समृद्ध झाले. मननाच्या लेखकासही असा ऐकण्याचा काळ हवा. आणि शक्य तेथे, हेर्नहूटच्या त्या बंधूप्रमाणे, वचन स्वतः घेऊन जा. उंबरठ्यावरून परत फिरण्यापूर्वी त्या घरी आज काय शिजले, कोणाचे देणे थकले, कोण मजुरीस परगावी गेला, हे विचारून या. उद्याच्या मननाचा अर्धा मजकूर त्या उत्तरांत असेल.