आजारी मुलाची गोष्ट आणि विळ्याची उपमा

पाश्चात्य कथावाङ्मयांतील आजारी मुलास दोनच वाटा मोकळ्या असतात, असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आलें आहे. एक तर त्यानें बरें व्हावें, नाहीं तर वाचकाच्या डोळ्यांस पाणी आणून मरावें. योहाना स्पिरीच्या 'हायडी'च्या दुसऱ्या भागांत (१८८१) चाकांच्या खुर्चीस खिळलेली क्लारा आल्प्सच्या हवेंत चालूं लागते. 'सीक्रेट गार्डन' (१९११) मधील कॉलिन बागेंत उभा राहतो. उलट 'जेन एअर' (१८४७) मधील हेलन बर्न्स शाळेंतच, मैत्रिणीच्या कुशींत प्राण सोडते. हीं पुस्तकें आम्हांस प्रिय आहेत व तीं आम्ही आवडीनें शिकविलींही आहेत. परंतु जें दुखणें बरेंही होत नाहीं व लवकर संपवीतही नाहीं, तें अंगावर वागवीत ज्या मुलास रोज शाळेंत जावयाचें आहे, त्याच्या हातीं यांतील कोणती गोष्ट द्यावी? आपल्याकडे साने गुरुजींनीं 'श्यामची आई' (१९३५) मध्यें सोबत्यांपुढें आठवणी सांगण्याचा फार सुंदर घाट योजिला. पण तेथेंही आजार आईचा आहे, सांगणारा मुलगा निरोगी.

'हायडी'ची परीक्षा घ्यावयाची तर ती तोरणमाळास घ्यावी. नंदुरबार जिल्ह्यांतील सातपुड्याचें हें पठार समुद्रसपाटीपासून १,००० मीटरांहून अधिक उंच आहे, आणि थंड हवेसाठीं व यशवंत तलावाच्या शोभेसाठीं शहरांतील मंडळी तेथें जातात. याच जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा इत्यादि समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. निरोगी माणसाच्या रक्तांतील तांबडे कण गोल व लवचिक असतात. या विकारांत प्राणवायु सोडल्यावर ते ताठर व वांकडे होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत व सांध्यांत असह्य कळा उठतात. थंडी, तहान, ताप, अतिश्रम हीं त्याचीं निमित्तें. क्लारेस ज्या गार हवेनें पाय दिले, तशीच हवा पौषांत येथील एखाद्या मुलीस अंथरुणास खिळविते!

या मुलीचे सोबती काय पाहतात? काल ती धांवत होती, आज तिला उभें राहवत नाहीं. तिचे डोळे पिवळसर दिसतात. ती वरचेवर पाणी पिते, वरचेवर लघवीस उठते. मुलें कांहीं मूर्ख नसतात; समोर दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ तीं लावतातच. कोणी म्हणतो, सोंग आहे. कोणी म्हणतो, कावीळ आहे, लागेल. खरी गोष्ट कोणी सांगितली नाहीं, तर खोटी आपोआप रचली जाते.

खरी गोष्ट सांगण्याचीही एक रीत आहे, हें आम्हीं फार उशिरां ओळखलें. आम्ही शाळेंत असतां वर्गांतील एक मुलगा वारंवार गैरहजर राही. एके दिवशीं गुरुजींनीं त्यास फळ्यापाशीं उभें करून त्याच्या रोगाचें लांबलचक इंग्रजी नांव वर्गास सांगितलें. हेतु चांगलाच होता. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेजारची जागा रिकामी राहूं लागली. तेथें बसणारे आम्हीच होतों.

म्हणून नांवाचाच विचार प्रथम करूं. शिकागोच्या हेरिक या वैद्यानें १९१० मध्यें अशा कणांचें वर्णन करतांना त्यांस विळ्याची उपमा दिली. पुढें १९२२ मध्यें मेसन यानें तीच रोगाच्या नांवांत घातली. शिकागोंत ती केवळ आकाराची खूण होती. सातपुड्यांत विळा घरोघरीं असतो, आणि तो काय करतो हें मुलास ठाऊक असतें: तो कापतो. मराठी करतांना 'रक्तांत विळे झाले आहेत' असें कोणी सांगेल, तर ऐकणारीं मुलें घाबरतील आणि सांगणारी त्यांहूनही अधिक. उपमेंतील आकार ठेवून धार काढून टाकणें, हें येथें टीकाकाराचें काम आहे. आमच्या मतें मुलीचें निवेदन असें कांहीं असावें: "माझ्या रक्तांतले कांहीं कण वांकडे होतात. अरुंद पायवाटेवर वांकडीं लांकडें अडकलीं कीं मागचीं माणसें थांबतात ना, तसें माझें रक्त अडतें, मग दुखतें. हें जन्मापासून आहे. माझ्याजवळ बसून कोणाला लागत नाहीं. दुखलें कीं मला पांघरूण द्या आणि बाईंना बोलवा." पावरी बोलणाऱ्या घरांत हें आधीं पावरींत, आईजवळ सांगून पाहावें, आणि कोणता भाग वर्गास सांगावयाचा नाहीं, हेंही तिनेंच ठरवावें.

आनुवंशिकतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'आईबापांनीं रोग दिला' हें वाक्य खरें असूनही क्रूर आहे. आई व बाप दोघेही केवळ वाहक, एरवीं निरोगी, असले तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. अशा एकेरी वारशानें हिंवतापापासून कांहीं संरक्षण मिळतें, हें ॲलिसन यानें १९५४ मध्यें दाखविलें. हिंवतापाच्या मुलखांत हा गुण टिकून राहिला तो त्यामुळें. मात्र दुहेरी वारसा आलेल्या मुलीस त्याचा लाभ नाहीं, तेव्हां सांत्वन म्हणून ही कथा तिच्या गळ्यांत बांधूं नये. १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत तपासणी होते, कार्डें दिलीं जातात, आणि तें काम अगत्याचें आहे. पण कार्डाचा रोंख पुढच्या लग्नाकडे असतो. दहा वर्षांच्या मुलीस उद्यां खोखोंत घेतील कीं नाहीं, ही चिंता असते.

आणि कोणी तरी विचारणारच, "मग तूं बरी कधीं होणार?" हायडीची लेखिका येथें डोंगराकडे बोट दाखविती. आमच्या मुलीजवळ हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत. त्यांनीं कळा कमी वेळां येतात, थांबत नाहींत. तिनें तेवढेंच सांगावें, आणि खोखोंत तिला बसून खेळावयाची जागा द्यावी कीं गुण मोजावयास बसवावें, हें मुलांनीं तिला विचारून ठरवावें.