न बदलणारी सेटिंग: पोस्टग्रेएसक्यूएलच्या रचनेचे परीक्षण

‘वर्क_मेम’ वाढवून क्वेरीचा वेग मोजण्याचा प्रयोग तुम्ही कराल. समजा, पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ या फाइलमध्ये तुम्ही ६४ एमबी लिहिले, पीजी_रीलोड_कॉन्फ() चालवले आणि उत्तर ‘टी’, म्हणजे खरे, असे आले. तरी ‘शो वर्क_मेम’ १६ एमबीच दाखवते. मग बहुतेक जण सर्व्हर रीस्टार्ट करतात. सर्वांची कनेक्शन्स तुटतात, मूल्य मात्र तेच राहते.

यात निम्मा दोष रचनेचा आहे. ‘टी’चा अर्थ एवढाच की, फाइल पुन्हा वाचण्याचा सिग्नल पाठवला गेला. मूल्य बदलले का, हे त्यातून कळत नाही. ‘शेअर्ड_बफर्स’ तर रीस्टार्टशिवाय बदलतच नाही. तरी रीलोडनंतर ‘टी’च येते आणि खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये जाते, तुमच्या स्क्रीनवर नाही.

दुसरा मुद्दा अग्रक्रमाचा. ९.४ आवृत्तीत (२०१४) ‘ऑल्टर सिस्टिम’ ही आज्ञा आली. तिने दिलेले मूल्य पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये जाते आणि मूळ फाइलवर मात करते. त्याच्या वर डेटाबेसला दिलेले मूल्य, त्याच्या वर रोलला दिलेले आणि सर्वांत वर चालू सेशनमधील ‘सेट’. ही उतरंड उपयोगी आहे: फक्त अहवाल काढणाऱ्या रोलला जास्त मेमरी देता येते. अडचण उतरंडीची नाही, ती डोळ्यांआड राहते याची आहे.

रचनेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये उत्तर तयार असते. ‘काँटेक्स्ट’ सांगतो की बदल केव्हा लागू होईल, ‘सोर्स’ सांगतो की मूल्य कोठून आले आणि ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ सांगतो की रीस्टार्ट बाकी आहे का. मात्र दोन्ही फाइलींसाठी ‘सोर्स’ एकच दिसतो. फरक ‘सोर्सफाइल’मध्ये कळतो, आणि तो रकाना सामान्य वापरकर्त्याला रिकामा दिसतो. प्रयोगशाळेत तुम्ही बहुधा असेच वापरकर्ते असता.

वरच्या उदाहरणात ‘सोर्सफाइल’ ऑटो.कॉन्फ निघाली, तर ‘ऑल्टर सिस्टिम रीसेट वर्क_मेम’ आणि एक रीलोड पुरेसा आहे. रीस्टार्टची गरज नाही.

थोडक्यात, डेटाबेसला कारण ठाऊक असते, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही. म्हणून वेगाचे आकडे जर्नलमध्ये लिहिण्यापूर्वी, ज्या सेशनमध्ये मोजणी केली त्याच सेशनमध्ये ‘शो’ चालवा. अन्यथा तुम्ही न झालेल्या बदलाचा परिणाम नोंदवत असाल.